किती वाजले?

मोबाइलच्या पडद्यावर वेळ पाहत असतानाही आपण शेजाऱ्याला विचारतो ते ‘किती वाजले?’ असेच. त्या पडद्यावर काहीही वाजलेले नसते. मराठीने वेळ डोळ्यांपेक्षा कानाशी जोडली, त्याला कारण आहे. ‘तास’ हा शब्द आज आपण साठ मिनिटांसाठी वापरतो; परंतु वेळ कळवण्यासाठी जी धातूची थाळी बडवली जाई, तिलाही तासच म्हणत. वाजणारी वस्तू आणि मोजला जाणारा काळ यांना एकच नाव मिळाले. हे उदाहरण मी वर्गात अनेक वर्षे देत आले. मात्र ‘किती वाजले?’ या प्रश्नाला शब्दशः उत्तर देणारी वस्तू मी पहिल्यांदा हातात घेतली ती गेल्या पावसाळ्यात, चारकोपमध्ये.

कांदिवली पश्चिमेचे चारकोप ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे लहान लहान भूखंड आखले, सेक्टर पाडले आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सहकारी सोसायट्यांतून घरे बांधू दिली. भिंतीला भिंत लागून असलेल्या या घरांत शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच स्वयंपाकघरात मोजता येतात. अशाच एका घरात आमचे काका राहतात. नात्याने कोणी नव्हेत; सारी गल्ली त्यांना काका म्हणते. चाळीस वर्षे ते फोर्टातल्या एका दुकानात घड्याळजी होते. आता वय ऐंशीच्या पुढे आहे आणि काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आहेत.

त्यांच्या मुलाने मला बोलावले ते एका सोन्याच्या घड्याळासाठी. साखळीला अडकवून खिशात ठेवायचे, झाकणाचे, अठरा कॅरटचे जुने घड्याळ. एका वृद्ध पारशी ग्राहक बाईंनी ते काकांना दिले होते. “दुरुस्त झालं तर तुमचंच,” असे त्या म्हणाल्या होत्या, आणि ते दुरुस्त व्हायला सात महिने लागले होते. तबकडीवर बनवणाऱ्याचे नाव नाही. मुलाला लेकीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. सराफाने वजन सांगितले होते आणि वर म्हणाला होता, “मशीन काढून घ्या, त्याचं काही धरत नाही.” विकण्याआधी बाहेर याला काय किंमत येईल, हे इंग्रजी वाचून सांगणारे कोणी त्याला हवे होते.

काकांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कडेचा एक खटका सरकवून सोडला. आधी दोन जाड, खालच्या पट्टीतले ठोके आले. मग जरा थांबून सात बारीक, वरच्या पट्टीतले.

“किती वाजले?” त्यांनी विचारले.

“नऊ,” मी म्हणाले. दुपारचे जेवण होऊन फार वेळ झाला नव्हता. भाषाविज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या बाईने स्वनांचा भेद ऐकूनही त्यांची बेरीज केली, याचे काकांना फार हसू आले. घड्याळ म्हणत होते, दोन वाजून सात मिनिटे.

याला रिपीटर म्हणतात. दर तासाला ते आपणहून वाजत नाही, विचारल्यावरच सांगते. आत पोलादाच्या दोन तारा वळवून बसवलेल्या असतात आणि दोन इवल्या हातोड्या. तासाचा ठोका खालच्या स्वराचा. पाव तासाचा ठोका जोडीचा, दोन्ही स्वर एकामागोमाग. पाव तासानंतरच्या सुट्या मिनिटांचा वरच्या स्वराचा. एक वाजता हे घड्याळ एकदाच वाजते, आणि बाराला एकोणसाठ मिनिटे झाली की बारा तास, तीन जोड्या आणि चौदा मिनिटे मिळून बत्तीस ठोके देते. दोन स्वरांत बारा तासांतले 720 मिनिटे वेगळी सांगता येतात. मोजक्या स्वनिमांतून भाषा अगणित शब्द कशी घडवते, हे आपण ज्या घटकात शिकतो, त्यात हे उदाहरण खुशाल लिहून ठेवा.

मला चकवले ते मधल्या शांततेने. दोन वाजून सात मिनिटांत पूर्ण पाव तास नाही, म्हणून जोडीचा ठोका नाही. मात्र त्याची जागा आहे. ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांत ‘दगड’ला अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही, तरी तिथे शून्य प्रत्यय आहे असे आपण मानतो. काकांनी व्याकरण कधी वाचले नाही, पण ते म्हणाले, “जिथं वाजत नाही तिथंही मोजायचं असतं.”

यंत्राची रचना त्यांनी मला बोटांनी हवेत काढून दाखवली. गोगलगाईच्या शंखासारख्या पायऱ्या असलेली तीन चकत्या-चाके आत काट्यांबरोबर फिरत असतात. तासांच्या चाकाला बारा पायऱ्या, पावाच्या चाकाला चार. खटका सरकवला की एक लहान वेगळी स्प्रिंग ताणली जाते, आणि चाचपणारे दांडे जाऊन त्या पायऱ्यांवर टेकतात. दांडा जितका खोल जाईल तितके ठोके. म्हणजे घड्याळ स्वतःच्या पोटात अंधारात चाचपूनच वेळ ओळखते. खटका अर्धाच सरकवला तर चांगले रिपीटर मुळीच वाजत नाही, कारण अपुऱ्या ताणाने चुकीची वेळ वाजेल. त्यासाठी आत एक खास अडसर असतो. मला तो भाग सर्वांत आवडला. (परीक्षेत अर्धवट आठवणारी उत्तरे लिहिणाऱ्यांनी मात्र या अडसराचे अनुकरण करू नये. लिहीत राहावे.)

ही करामत दिव्याची कळ नसलेल्या काळातली. इंग्लंडमध्ये 1687 साली बार्लो आणि क्वेअर या दोघांत रिपीटरच्या हक्कावरून वाद झाला आणि राजा दुसऱ्या जेम्सने क्वेअरच्या बाजूने कौल दिला. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या ब्रेगेने घंटेऐवजी वळवलेली तार वापरली आणि घड्याळ अधिक चपटे झाले. आपल्या मुंबईतही कानाने वेळ कळण्याची एक कथा आहे. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1878 मध्ये पुरा झाला आणि त्यांच्या आईचे नाव त्याला दिले गेले. ती दृष्टिहीन होती, जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायची, आणि मनोऱ्याच्या ठोक्यांवरून तिला वेळ कळे, असे सांगतात. काकांनी त्या मनोऱ्याच्या आवाजाच्या टापूतच नोकरी केली.

किंमत शोधून मी मुलाला सांगितली. नामांकित कारखान्याचे नाव नसल्याने ती स्वप्नवत नव्हती. तरी नुसत्या सोन्यापेक्षा बरीच जास्त होती. अट एकच, यंत्र आणि कवच एकत्र हवे. तेव्हा काका बोलले, आणि ते ऐकायला मी तयार नव्हते. सोन्याचा भाव चढला की लोक दुकानात अशी घड्याळे मोडीत काढायला आणत. यंत्र काढून कवच वेगळे करण्याचे काम मालक काकांना देई. “चौदा यंत्रं काढली मी या हातांनी. त्यांतली तीन वाजणारी होती. ड्रॉवरमध्ये पडून राहिली, मग कुणी टाकली असतील. हे विकायचं तर विक, पण मला काढायला सांगू नकोस.” मुलगा काही न बोलता चहाचे कप उचलून आत गेला.

काकांचा नातू सातवीत, इंग्रजी माध्यमात आहे. त्याला ‘पावणेतीन’ कळत नसे. तो ‘टू फॉर्टी-फाइव्ह’ म्हणतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच असेल. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच ही सपाद, सार्ध, पादोन अशा जुन्या शब्दांपासून घासत आलेली रूपे. पाऊण वाजला म्हणताना तर आपण बारा हा आकडाही उच्चारत नाही. घड्याळ मात्र मागे वळून मोजते: बारा ठोके आणि तीन जोड्या. मराठी पुढच्या तासाकडे पाहून म्हणते, एक व्हायला पाव कमी.

त्या मुलाने हे कोडे म्हणून उचलले. आजोबा रोज झोपताना एकदाच खटका सरकवतात. झीज होते, सुटे भाग मिळत नाहीत. नातू दिव्याकडे पाठ करून ऐकतो. परवा मी गेले तेव्हा सुटीची दुपार होती आणि माझ्यासाठी त्यांनी नेम मोडला. दोन जाड ठोके, तीन जोड्या, दोन बारीक.

“दोन... नाही, पावणेतीन,” तो म्हणाला. मग बोटांवर मोजून, “पावणेतीन वाजून दोन मिनिटं.”

प्रवेशाचे पैसे मुलाने पतपेढीतून कर्ज काढून भरले. त्याचे हप्ते चालू आहेत आणि घड्याळाचा विषय मिटलेला नाही. दरम्यान शेवटच्या जोडीतला दुसरा स्वर किंचित उशिरा येऊ लागला आहे. मला तो फरक ऐकू येत नाही, काकांना येतो. तेल वाळले आहे, म्हणतात. त्यांचे भिंग आणि चिमटे पत्र्याच्या डब्यात तसेच आहेत, आणि हे उघडू शकेल असा कोणी फोर्टात अजून बसतो का, याची चौकशी त्यांनी माझ्याकडे सोपवली आहे.