चाकूरचा मुक्काम

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करीत निघून जाते, असे आमच्याकडे म्हणतात. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे त्या दिवशी मी स्वेटर पेटीत टाकतो, आणि पुढे थंडी पडलीच तर ती पडलेली नाही असे धरून चालतो! २०१४ साली शिवरात्र २७ फेब्रुवारीला आली. स्वेटर पेटीत गेला. थंडी मात्र काहीतरी विसरल्यासारखी परत आली, आणि येताना गारा घेऊन आली.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी नांदेडहून लातूरला निघालो होतो. गाडी माझी, चालवणाराही मीच. वाट तीनेक तासांची आणि अगदी सवयीची. लोहा मागे पडले, खंडोबाचे माळेगाव मागे पडले. मार्गशीर्षातल्या यात्रेत घोडे, गाढवे आणि उंट यांच्या गर्दीतून इथे गाडी काढणे मुश्किल होते. त्या दिवशी माळावर एक कुत्रे तेवढे उभे होते. अहमदपूर सोडले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. दोन्ही अंगांना गहू पिवळा होत आलेला, हरभरा कुठे काढलेला, कुठे उभा, आंब्यांना मोहोर. असा देखावा पाहून प्रवाशाला प्रसन्न वाटते, तसे मलाही वाटले.

शेजारच्या बैठकीवर एक पिशवी होती आणि तिच्यात सातबाऱ्याचे उतारे होते. लातूरच्या पलीकडे, औशाच्या वाटेवर आमचे साडेतीन एकर काळे रान होते. वडील गेल्यापासून ते बटईने दिले होते. आता विसार घेऊन झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी खरेदीखत व्हायचे होते.

चाकूरच्या अलीकडे आभाळ एकाएकी जांभळे झाले. गाडीच्या टपावर कोणी मूठभर खडे फेकावेत तसा आवाज आला. मग ओंजळभर, मग पाटीभर. चाकूर गाठले तेव्हा पुढची काच तडकली होती. रस्त्याकडेच्या एका हाटेलवाल्याने हाताने खूण केली आणि मी डोक्यावर पिशवी धरून आत पळालो. सातबाऱ्याचा असा उपयोग माझ्या वडिलांना कधी सुचला नसता!

पंधरावीस मिनिटांत सारे पांढरे झाले. हाटेलवाल्याच्या पोराने एक गार दातांनी फोडून मला दाखवली. आत कांद्यासारखे थरावर थर. तापलेल्या जमिनीवरची हवा वर धावते, पाण्याचे थेंब गोठवणाऱ्या उंचीवर नेते. तिथे ते हिंदकळत राहतात, थरावर थर चढतात, आणि वाऱ्याला ओझे पेलेनासे झाले की खाली येतात. हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि उरलेली गार खाऊन टाकली.

“पुढं झाडं पडलीत रस्त्यावर,” हाटेलवाला म्हणाला. “लातूर काय आज गाठत नाही तुमचं. घरी चला, साहेब.”

लातूर जेमतेम पस्तीसएक किलोमीटर. पण इलाज नव्हता.

घर मागेच होते, पत्र्याचे. शेजारी जुने माळवद होते. त्यात कडबा भरलेला. पुन्हा गारा सुरू झाल्या तेव्हा पत्र्याखाली बोलणे अशक्य झाले. आम्ही नुसते एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो. जरा थांबल्यावर मी म्हटले, माळवदात हा आवाज आला नसता. हाटेलवाल्याची म्हातारी आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “किल्लारी झाली तवापासून मी माळवदाखाली निजत नाही, लेकरा. आवाज परवडला.” ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि दगडमातीच्या त्या उबदार घरांखालीच हजारो माणसे गेली. मी गप्प झालो.

जेवायला भाकरी आणि येसराची आमटी होती. हाटेलवाल्याचा दोन एकर गहू घरामागेच होता. तो बघायला गेला नाही. “अंधारात बघून काय करावं? सकाळी हायच की,” एवढेच म्हणाला. भाकरी मात्र त्याने अर्धीच खाल्ली.

म्हातारीने मला विचारले, “आन तुमचं रान?”

“औशाकडे आहे.”

“काय हाय रानात?”

मला सांगता येईना. “हरभरा असेल,” मी म्हटले.

“असंल?” म्हातारी एवढेच म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी आमटी वाढली.

रात्री वाकळ अंगावर घेऊन मी जागा होतो. गारांनी रान झोडपले तर घेणारा उद्या भाव पाडेल काय, हा विचार मला संध्याकाळपासून तीनदा आला होता. रानात काय उभे आहे, हा एकदाही नाही.

सकाळी फोन लागला. बटईदार म्हणाला, “हरभरा काढला होता, मालक. गंजीवर ताडपत्री टाकून रातभर धरून बसलो. निम्मा वाचला.” त्या निम्म्यात निम्मा वाटा माझा होता! बाहेर हाटेलवाला गव्हात उभा होता. ओंब्या चिखलात निजल्या होत्या. चिंचेखाली मेलेले पोपट पडले होते. तलाठी पंचनाम्याला कधी येणार, याची लोक चौकशी करीत होते. म्हातारीने माझ्याकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत. हाटेलवाल्याने चहाचे तेवढे घेतले.

खरेदीखत महिनाभराने झाले. भाव उतरला नाही. गारा पिकावर पडतात, जमिनीच्या भावावर पडत नाहीत. उन्हाळ्यात बटईदार अर्धे पोते हरभरा घेऊन नांदेडला आला. “तुमचा वाटा,” म्हणाला. रान तेव्हा माझे राहिले नव्हते. तरी मी पोते ठेवून घेतले. ती डाळ घरात वर्षभर पुरली.

पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. त्या पहिल्या दहा वाघिणींची बातमी वाचताना मला चाकूरच्या पत्र्यावरून घरंगळलेल्या गारा आठवल्या.

अजूनही फाल्गुनात आभाळ भरून आले की मी त्या बटईदाराला फोन करतो. तो आता दुसऱ्याचे रान करतो. “यंदा काय आहे रानात?” मी विचारतो. तो बांधापासून बांधापर्यंत सगळे सांगतो. मी ते लक्षात ठेवतो. कोणी विचारलेच तर सांगता यावे.