किल्ली देता येते, आकडा सांगावा लागतो

आज थोडं कुलपांविषयी. विषय रुक्ष वाटेल, पण गेल्या वर्षी आमच्या घरात एका कुलपावरून बरेच दिवस खल चालला होता. त्यातून जे उमगलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. ती चालली की त्याचा आवाज यायचा आणि आम्ही मुलं खाऊच्या डब्यापासून दूर पळायचो. सासूने तो जुडगा कमरेचा सोडून सुनेच्या हातात दिला, की न बोलता घराला कळायचं की कारभार बदलला. कितीतरी घरांत तो दिवस सासू असेपर्यंत उजाडतच नसे, ही गोष्ट वेगळी! पण किल्लीचा एक गुण आहे. ती एका वेळी एकाच हातात असते. दिली की दिली, आपल्याकडे उरत नाही.

आकड्यांच्या कुलपाचं तसं नाही. आकडा दुसऱ्याला सांगितला तरी आपल्याकडे राहतोच. आणि न सांगता माणूस गेलं, तर आकडाही त्याच्याबरोबर जातो.

माझे थोरले दीर गोदीत फिटर होते. माझगावात राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी दारूखान्यात चक्कर मारायची नाही, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. दारूखाना म्हणजे रे रोडजवळ जुन्या बोटी तोडायची आणि त्यांचं भंगार विकायची जागा. तिथून 1978 साली त्यांनी एक छोटी लोखंडी तिजोरी आणली, कुठल्याशा बोटीच्या केबिनमधली. दोन माणसांनी जिन्यावरून वर चढवली तेव्हा शेजारपाजारचे दार उघडून बघत होते. तिला किल्लीचं भोक नव्हतं. नुसती एक गोल चकती, तिच्यावर 0 ते 99 आकडे.

ती उघडते कशी, हे दिरांनी मला एकदा बांगड्यांवरून समजावलं होतं. वर्गात मुलांना सांगावं इतकं सोपं. समजा, तीन बांगड्या एकामागे एक ठेवल्या आणि प्रत्येकीला एकेक खाच आहे. तिन्ही खाचा एका ओळीत आल्या तरच वरची पट्टी खाली बसेल आणि दाराचा दांडा सरकेल. बाहेरची चकती फिरवली की आधी एकच बांगडी फिरते. तिचा खिळा दुसरीला अडकतो, दुसरीचा तिसरीला. म्हणून आधी चार फेऱ्या डावीकडे, मग तीन उजवीकडे, मग दोन डावीकडे, असं करत एकेक खाच जागेवर आणून ठेवायची.

तीन आकडे, प्रत्येकाला शंभर पर्याय, म्हणजे दहा लाख जोड्या झाल्या. एकेक जोडी लावून बघायला अर्धा मिनिट धरलं, तर रात्रंदिवस बसून जवळजवळ 347 दिवस लागतील. (खऱ्या कुलपात एखाद्या घराची चूक चालून जाते, त्यामुळे वेळ बराच कमी लागतो. पण हिशोब शिकवायला बरा आहे!) याउलट आपल्या प्रवासी बॅगेचं तीन आकडी कुलूप. त्यात एक हजारच जोड्या. तीन सेकंदांना एक धरली तर पन्नास मिनिटांत सगळ्या संपतात. दागिन्यांच्या शोभेच्या डब्यांना हल्ली तसलंच कुलूप येतं, म्हणून सांगून ठेवते.

ही कल्पना आजकालची नाही बरं का. इस्फहानच्या मुहम्मद बिन हामिद नावाच्या कारागिराने इसवी सन 1200-01 मध्ये केलेली पितळेची पेटी आज कोपनहेगनच्या डेव्हिड कलेक्शन या संग्रहालयात आहे. तिच्या झाकणावर चार तबकड्या आहेत आणि त्यांच्यावर आकड्यांऐवजी अक्षरं. त्याला ‘अस्तुरलाबी’ म्हणत, म्हणजे ग्रहताऱ्यांची यंत्रं बनवणारा. आकाश मोजणाऱ्या माणसाने पेटीचं कुलूप करावं, हे मला फार आवडलं. मुंबईत कुलपांचा मोठा उद्योग सुरू झाला तो आमच्यापासून फार लांब नाही. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 साली लालबागला कुलपं बनवायला घेतली आणि काही वर्षांतच तिजोऱ्याही. घराघरातलं ‘गोदरेजचं कपाट’ त्यानंतरचं.

तर आमची तिजोरी. तिचा जुना आकडा आता सांगायला हरकत नाही, का ते पुढे येईलच. तो होता 14-4-44. माझगाव-डोंगरीकडच्या जुन्या माणसांना लगेच कळेल. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीचा स्फोट झाला, तो दिवस. बोटीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान गेले. त्याच बोटीवर सोन्याच्या विटाही होत्या, त्या स्फोटाबरोबर दूरवर उडाल्या. माझे सासरे त्या दिवशी गोदीत कामाला होते आणि वाचले. दिरांना वाटलं, ज्या दिवशी सोनं आकाशातून पडलं आणि आपले वडील घरी परत आले, तो दिवस घरातलं कोणी विसरणार नाही. जाणकार सांगतात की तारखा आकडा म्हणून ठेवू नयेत, चोर आधी त्याच लावून बघतो. पण दिरांना चोरापेक्षा विसरण्याची भीती जास्त होती.

दीर 2009 मध्ये गेले. त्यानंतर आकडा एकट्या वहिनींकडे राहिला. आत सोनं फार नाही. एक ठुशी, कुड्यांची जोडी, सासूबाईंची नथ, तुटलेल्या बोरमाळेचे मणी चिंधीत बांधलेले आणि दोन्ही मुलांची बाळपणीची चांदीची वाळी. 2025 मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेल्यापासून त्याची किंमत सगळ्यांना आठवायला लागली, हेही खरं. वहिनींना विचाराल तर त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ती वाळी.

गेल्या वर्षी वहिनी, वय वर्षे 84, नावं विसरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे. एका दुपारी त्या तिजोरीपाशी बसून चकती फिरवत होत्या आणि दार उघडत नव्हतं. चौथ्या खेपेला उघडलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, “आज तारीख आठवली गं, फेऱ्या आठवेनात.”

मग घरात सल्ले सुरू झाले. मुलगा म्हणाला, मोबाईलमध्ये लिहून ठेवू. परदेशातली लेक फोनवर म्हणाली, सगळं बँकेच्या लॉकरमध्ये टाका. सून काहीच बोलली नाही. वहिनींजवळ राहणारी तीच, औषधं देणारी तीच. तिला आकडा सांगावा तर लेकीला वाटणार, मला का नाही? लेकीला सांगावा तर सुनेने इतकी वर्षं केलं त्याचं काय? दोघींना सांगावा तर उद्या एखादी वस्तू सापडली नाही की दोघींनी एकमेकींकडे बघायचं. आकड्याचा हाच घोळ आहे. तो किती जणांकडे आहे हे दिसत नाही.

शेवटी तोड काढली ती वहिनींनीच. एका रविवारी त्यांनी तिजोरी उघडायला लावली. लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक वस्तू हातात घेऊन कोणती कोणाची ते सांगितलं. मी कागदावर यादी केली, त्यांनी खाली सही केली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बाईच्या स्वतःच्या दागिन्यांची पूर्ण मालकीण ती स्वतः. त्यामुळे वाटणी करायचा अधिकार त्यांचाच होता आणि तो त्यांनी शुद्धीत असताना बजावला.

मग त्यांनी दिरांच्या हत्यारांच्या डब्यातून एक चौकोनी टोकाची छोटी किल्ली काढायला लावली. ती आकडा बदलायची किल्ली. दार उघडं असताना आणि जुना आकडा ठाऊक असतानाच ती चालते, कुलपाच्या पाठीमागच्या भोकातून. दार बंद राहिलं आणि आकडा विसरला, तर ही किल्ली काही उपयोगाची नाही. वहिनी सुनेला म्हणाल्या, “अगं, तुझा आकडा लाव. मला सांगू नकोस.”

सुनेने लावला. दार उघडं ठेवूनच तीन वेळा तपासला, हे अगदी आवश्यक असतं. मग आकडा कागदावर लिहून पाकीट बंद केलं, पाकिटावर नणंद-भावजय दोघींच्या सह्या झाल्या (लेक डिसेंबरमध्ये आली तेव्हा), आणि ते लेकीच्या बँकेच्या लॉकरमध्ये गेलं.

वहिनींनी एकच अट घातली होती. मी मागितलं की लगेच उघडायचं, कशाला हवं ते विचारायचं नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले आठ-दहा दिवस वहिनींना झोप लागेना. “माझ्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतं गं,” असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही काही संध्याकाळी त्या तिजोरीपाशी जाऊन 14-4-44 फिरवतात. दार उघडत नाही. सून हातातलं काम टाकून येते, उघडून देते, आणि वाळी त्यांच्या ओंजळीत ठेवून पुन्हा पोळ्या लाटायला जाते. एकदाही तिने “आत्ता कशाला?” असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

आजीने कमरेचा जुडगा सोडला तेव्हा तिलाही अशीच झोप लागली नसेल का, असं आता मनात येतं. तेव्हा आम्हाला फक्त सुनेच्या कमरेवरचा नवा आवाज ऐकू आला होता.

असो. माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे की आकडा कोणाकडे जायचा ते अजून आठवतोय तोवर ठरवा, आणि यादीही करून ठेवा. तरुण वाचकांना सांगायचं ते वहिनींच्या अटीत आलंच आहे.