समोरासमोरचे बाक

त्या सभागृहात पाहण्यासारखं काहीच नाही, तरी पाहत राहावंसं वाटतं. लाकडी बाक, पांढऱ्या भिंती, साध्या काचेच्या उंच खिडक्या. वेदी नाही, क्रूस नाही, तसबीर नाही, व्यासपीठसुद्धा नाही. बाक समोरासमोर मांडलेले, त्यामुळे बसणाऱ्याच्या नजरेला पडतात ते माणसांचे चेहरे. फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या क्वेकर शाळांमधली मुलं साधारण आठवड्यातून एकदा अशा खोलीत येऊन बसतात. शिक्षक बसतात, मुख्याध्यापकही बसतात. प्रवचन नाही, पाठ केलेली प्रार्थना नाही. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्यानं उभं राहून सांगावं, मग ते पहिलीतलं पोर का असेना. नाहीतर सगळे गप्प. अखेर शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, की सभा संपली.

लेकीला पुढच्या सप्टेंबरात शाळेत घालायचं आहे, आणि माझं मन त्या बाकांवरून उठायला तयार नाही.

आमच्या पिढीला शाळेतली शांतता ठाऊक होती ती ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी. बाई म्हणायच्या आणि साठ पोरं एका क्षणात चिडीचूप व्हायची. त्या शाळेनं मला वाचायला शिकवलं, तिचं ऋण मोठं आहे. पण ती शांतता बाईंच्या मालकीची होती. त्यांना बोलता यावं म्हणून आम्ही गप्प बसायचो. इथे मोठी माणसंही मुलांबरोबर गप्प असतात, आणि ती शांतता मोडायचा हक्क सर्वांत लहान मुलालाही असतो. या एका फरकासाठी मी आजवर इंटरनेट पालथं घातलं, ओळखीपाळखीच्या आयांना फोन केले.

प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, या एका श्रद्धेवर क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडात जॉर्ज फॉक्सनं ती मांडली. मग पुरोहिताची गरज उरली नाही, बायकाही धर्मसभेत बोलू लागल्या. १६६८ मध्ये फॉक्सनं मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशा दोन शाळा काढायला सांगितलं. फिलाडेल्फियात विल्यम पेन चार्टर शाळेची मुळं १६८९ पर्यंत जातात. याच शहरात अँथनी बेनेझेट नावाचे शिक्षक १७५० पासून संध्याकाळी स्वतःच्या घरी काळ्या मुलांना शिकवू लागले, आणि ही मुलं बुद्धीनं कुणाहून तसूभरही कमी नाहीत असं आपल्या अनुभवानिशी सांगत राहिले. ज्या काळात माणसं विकली जात होती, त्या काळातली ही गोष्ट. मला या शाळांच्या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव हेच वाटतं. राष्ट्राध्यक्षांच्या मुली वॉशिंग्टनच्या सिडवेल फ्रेंड्स या क्वेकर शाळेत शिकल्या हे लोक कौतुकानं सांगतात. सांगोत बापडे.

आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली ते कॉलेजही फिलाडेल्फियातलंच. बायकांना वैद्यक शिकवायला १८५० मध्ये ते निघालं, आणि त्यामागे क्वेकर मंडळींचा मोठा हात होता. त्याच्या पहिल्या स्त्री डीन अ‍ॅन प्रेस्टन स्वतः क्वेकर होत्या. कल्याणची एक मुलगी साता समुद्रापार आली, ती या लोकांनी आधीच उघडून ठेवलेल्या दारातून आत गेली.

सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “अगं, पण पोरीला बाटवणार नाहीत ना?”

“नाही हो आई. तिथली बहुतेक मुलं क्वेकर नसतातच. ज्यू आहेत, मुसलमान आहेत, आपलीही आहेत.”

त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “गप्प बसवतात म्हणतेस, ते बाकी चांगलं आहे. आमच्या वेळी सेवाग्रामला तसंच चालायचं म्हणायचे.”

त्या बोलल्या ते अगदीच दूरचं नव्हतं. मार्जरी साइक्स या इंग्रज क्वेकर बाई १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आल्या आणि पुढे सेवाग्रामात गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणाच्या कामाला लागल्या. नर्मदेकाठी होशंगाबादजवळ रसूलिया इथे क्वेकरांचं ग्रामीण केंद्र होतं. त्या केंद्रानं आणि किशोर भारती संस्थेनं १९७२ मध्ये सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांतून विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी पाठांतर सोडून स्वतः प्रयोग करायचे आणि दिसलं ते लिहायचं. फी भरू न शकणाऱ्या मुलांच्या सरकारी शाळेत हे घडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कारण इथे माझं पाऊल अडतं ते फीपाशी. साधेपणा आणि समता शिकवणाऱ्या या शाळांच्या वरच्या वर्गांची फी वर्षाला कित्येक हजार डॉलरांच्या घरात जाते. मदत मिळते, पण सगळ्यांना पुरेल एवढी नाही. इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. इथल्या जर्मनटाउनमध्ये क्वेकरांचा गुलामीविरुद्धचा पहिला अर्ज १६८८ मध्ये लिहिला गेला, आणि क्वेकरांच्या इथल्या वार्षिक सभेनं आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ मध्ये. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं, मतं मोजायची नाहीत, ही त्यांची रीत मला आवडते. पण ती अठ्ठ्याऐंशी वर्षं कुणाच्या पाठीवरच्या वळांनी मोजली गेली, तेही दिसतं. सिडवेलनं काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश दिला तो थेट १९५६ मध्ये. आणि मूलनिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून, घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा चालवणाऱ्यांत क्वेकरही होते. त्या मुलांवर लादलेली शांतता या बाकांवरच्या शांततेशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

नवऱ्याचं म्हणणं साधं आहे. कोपऱ्यावरची सरकारी शाळा चांगली आहे, तिथे बसचालकाची पोरगी आणि डॉक्टरचा पोरगा एका बाकावर बसतात, समता त्याहून वेगळी काय असते? मला हे खोडता येत नाही, खोडायचंही नाही. पण आमची मुलगी लवकर बोलत नाही. मराठीत विचार करते, इंग्रजीत उत्तर शोधते, आणि तोवर दुसऱ्याचा हात वर गेलेला असतो. तिच्यासाठी कुणीतरी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही दोन्हीकडे नाव नोंदवणार आहोत. क्वेकर शाळेच्या अर्जाबरोबर आर्थिक मदतीचा अर्जही भरून झाला आहे. तिथल्या भेटीत पालकांना प्रश्न विचारू देतात. इतर आईबाप कॉलेजप्रवेशांचं विचारतील, आणि त्यात गैर काही नाही. मी मात्र हे विचारणार आहे, की मागच्या वेळी त्या सभेत एखादं मूल उठलं आणि शाळेला न रुचणारं काही बोललं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत?