जुन्या गाडीची कैफियत

वऱ्हाडात मोटारीविषयी पहिली पृच्छा होते ती 'ॲव्हरेज किती देते?' अशी, आणि ज्याच्या गाडीने दोन लाखांवर किलोमीटर मागे टाकले आहेत त्याने उत्तरासाठी तोंड उघडण्यापूर्वीच विचारणारा आपला निकाल देऊन मोकळा होतो, की गाडी म्हातारी झाली, आता ती पेट्रोल पिणारच. या निकालाविरुद्ध मला मनापासून फिर्याद मांडायची आहे. निदानाचा कंटाळा आला म्हणजे माणसे वयाचे नाव घेतात. यंत्रांच्या बाबतीत तर हा अन्याय सर्रास होतो.

माझी मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ च्या जानेवारीत ज्याचे उत्पादन थांबले त्या वंशातली. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आल्यानंतरच्या काळातले, आणि वातानुकूलनाचा थाट नाही. तिची भूक वाढली तेव्हा पहिला आरोप आला तो रस्त्यावर. अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीस जाणाऱ्या महामार्गाची वर्षानुवर्षे जी दुर्दशा होती ती ज्यांनी सोसली त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खड्डे चुकवीत जाणाऱ्या गाडीचे इंधन कोठे जाते हे सांगावयास नको. परंतु २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात एकपदरी ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत अखंड पार पडून त्याची गिनीज बुकात नोंद झाली, रस्ता आरशासारखा झाला, आणि गाडीची भूक मात्र तसूभरही कमी झाली नाही. मग पाळी आली पेट्रोलमधल्या इथेनॉलची. त्यात तथ्य आहे: इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि २० टक्के मिश्रणाने जुन्या चारचाकींच्या ॲव्हरेजमध्ये सहा ते सात टक्के घट व्हावी, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही आहे. माझी तूट मात्र चौथाईच्या घरात होती.

अशा वेळी पाना हाती घेण्यापूर्वी वही हाती घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. टाकी एकाच पंपावर, नळी आपोआप बंद पडेल तेथवर भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, आणि पुन्हा तेथेच तशीच भरून किती लिटर मावले ते पाहावे. काट्याकडे पाहून केलेला अंदाज हा जमाखर्च नव्हे. माझ्या वहीने एक विलक्षण साक्ष दिली: वैशाखात, पारा ४५ अंशांपलीकडे गेला असता, गाडी बरी चाले, आणि पौषात, गारठ्याच्या दिवसांत, अधिक पेट्रोल मागे. या विसंगतीचा अर्थ मला पुष्कळ दिवस उमगला नाही.

टायरमधली हवा सकाळी, चाके थंड असताना मोजली. भर दुपारी तापल्या टायरची हवा 'जास्त आहे' म्हणून सोडून देण्याची चूक आपल्याकडे नित्य होते. एक मागचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले तेव्हा ते अर्ध्या वेढ्यातच घरघरत थांबले. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. ते मोकळे झाले. पण तूट थोडीच भरून निघाली.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या वृद्ध मिस्त्रींनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. तिन्हींच्या टोकांवर काजळी होती: कोरडी, मऊ, बोटाला लागताच काळी रेघ ओढणारी; निरोगी इंजिनात तेथे फिकट तपकिरी छटा असते. मिस्त्रींनी इंजिन सुरू केले आणि तापमानाच्या काट्याकडे बोट दाखविले. बराच वेळ लोटला तरी काटा तळ सोडीना. त्यांनी थर्मोस्टॅटचे झाकण उघडले. आत थर्मोस्टॅटच नव्हता.

'काढला असन कोनं तरी उन्हाळ्यात, मंग बसवाचा राहून गेला,' ते म्हणाले.

थर्मोस्टॅट हा देवडीवरचा पहारेकरी: पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत तापेतो रेडिएटरकडची वाट अडवून धरतो. तो नसला म्हणजे पाणी सदैव रेडिएटरमध्ये जाऊन निवत राहते, सेन्सर संगणकाला 'इंजिन अजून थंड आहे' अशी वर्दी देत राहतो, आणि संगणक प्रामाणिकपणे, हुकमाच्या ताबेदारासारखा, जादा पेट्रोल सोडत राहतो. पौषातल्या तुटीचा उलगडा झाला. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा हा रिवाज आमच्या भागात फार रूढ आहे, आणि तो मला अत्यंत अनिष्ट वाटतो. कारण तापण्याचे मूळ बहुधा अन्यत्र असते. माझ्या गाडीच्या रेडिएटरची जाळी धुळीने आणि कापसाच्या तुसांनी बुजली होती. मिस्त्रींनी आतल्या बाजूने पाण्याची धार मारताच पन्हाळ्यांमधून करड्या गाठी बाहेर पडू लागल्या.

नवा थर्मोस्टॅट बसला, आणि मग माझ्या आग्रहावरून त्यांनी तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. गेजवरचे आकडे जवळजवळ सारखे निघाले.

'इंजिनाले काही नाही झालं भाऊ. येत्या उन्हाळ्यात कोनी काढाले सांगतलं, तर पह्यले रेडिएटर धुवा.'

पुढच्या हिशेबात तूट इथेनॉलच्या अंदाजाएवढीच उरली, आणि ती मी वहीत इंधनाच्या खाती लिहिली.