पान हलवू नकोस

खांडबारा, ता. नवापूर

चि. भाचेबुवा,


‘भीमायन’ या बाबासाहेबांवरच्या ग्राफिक नॉव्हेलवर छोटी फिल्म करायचा तुझा बेत कळला, सोबतचं टिपणही वाचलं. पुस्तक उत्तम निवडलंस. अडचण आहे ती तुझ्या एका गृहीतकाची. चित्रं तयार आहेत म्हणजे स्टोरीबोर्ड आयता मिळाला. आता खांडबारा स्टेशनावर त्यातलं मसूर स्टेशन उभं करायचं आणि पानामागून पान शूट करत सुटायचं, असा तुझा हिशोब दिसतो. आपल्या स्टेशनात आता दुहेरी रूळ आणि डोक्यावर विजेच्या तारा आहेत, पण ते तुझ्या कॅमेरामनने बघावं. माझा मुद्दा असा की ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्र म्हणजे गोष्टीचा कच्चा आराखडा नसतो, चित्र हीच गोष्ट असते. ते काढून टाकून तू नक्की कशाचं माध्यमांतर करणार?

मसूरचाच प्रसंग घे. बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१च्या सुमारास लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांकडे गोरेगावला निघतात, मसूरला उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं. मुलं महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळते, तीही मुलांनी स्वतः हाकायची या बोलीवर, आणि वाटेत रात्रभर पाणी मिळत नाही. एवढं तर कुणीही शूट करील. जब्बार पटेलांनी २००० साली मामुट्टीला घेऊन बाबासाहेबांवर अख्खा चित्रपट केलाच आहे. मग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी २०११च्या या पुस्तकात वेगळं काय केलं? तहानेल्या भीमचं धड त्यांनी मासोळीचं केलं. आगगाडी सापासारखी काढली. साध्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकाराच्या फुग्यात येतं आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. स्टेशनमास्तर काय म्हणाला हे वाचण्याआधीच नांगी दिसते. खरा मुलगा खऱ्या फलाटावर उभा केलास की हे सगळं गळून पडतं. उरते ती घटना, आणि तिच्यासाठी या पुस्तकाचे हक्क मागायची गरजच नाही.

तू ‘वॉचमेन’चा दाखला दिला आहेस. झॅक स्नायडरने २००९ साली कितीतरी चौकटी जशाच्या तशा पडद्यावर आणल्या हे खरं. पण त्या पुस्तकाची ताकद पानाच्या रचनेत आहे. बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली, आणि पाचवं प्रकरण तर मधोमध घडी घातल्यासारखं: पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानावर उलटून येते. हे कळायला वाचकाला मागे जावं लागतं, दोन पानं शेजारी धरावी लागतात. थिएटरात बसलेला माणूस मागे कसा जाणार? घडी त्याच्या हातात नसतेच. याला अपवाद ‘सिन सिटी’चा. तिथे फ्रँक मिलरची चित्रंच मुळात जुन्या काळ्यापांढऱ्या गुन्हेपटांच्या प्रकाशयोजनेवर पोसलेली, म्हणून ती पडद्यावर सहज परतली. आपल्याकडचं उदाहरण ‘चिंटू’चं. १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या त्या चित्रमालेवर २०१२ साली श्रीरंग गोडबोल्यांनी चित्रपट केला. मुलांसाठी तो छानच होता, पण त्यात नावं आणि स्वभाव आले, चारुहास पंडितांची रेघ आली नाही.

आता तू ‘पर्सेपोलिस’ पुढे करशील. करायलाच हवं, कारण तो आक्षेप खरा वजनदार आहे. मर्जान सत्रापीने व्हँसाँ पारोनोबरोबर २००७ साली आपलीच चित्रं हलती केली आणि काही बिघडलं नाही. पण तिची रेघ बघ: ठसठशीत काळा-पांढरा, चौकटीतली माणसं, अंगविक्षेपांवर चालणारी गोष्ट. ती हलायला तयारच होती. व्यामांच्या पानावर चौकटी नाहीत. वळणदार नक्षीपट्टे पान वाटून घेतात आणि प्रत्येक आकृती बारीक ठिपक्या-रेघांनी भरलेली असते. हे ॲनिमेशनमध्ये घातलंस तर फ्रेमगणिक ते ठिपके थरथरत राहतील. थरथर टाळायला नक्षी कमी केलीस तर व्यामच उरणार नाहीत.

म्हणून म्हणतो, चित्र हलवूच नकोस. कॅमेरा पानावर ठेव, आवाज हलू दे. अशाने लोक कंटाळतील ही तुझी भीती निराधार आहे. नागिसा ओशिमाने १९६७ साली सानपेई शिरातोच्या निंजा-मांगाची मूळ चित्रंच कॅमेऱ्यासमोर धरून, त्यांना संवाद आणि आवाज देऊन पूर्ण लांबीचा चित्रपट केला. ख्रिस मार्करचा १९६२चा ‘ला जेते’ जवळजवळ सगळाच स्थिर छायाचित्रांचा आहे. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून वाद्यांच्या साथीने आख्यान लावत आले आहेत. चित्र जागचं हलत नाही. कुठलं किती वेळ धरायचं आणि कधी उलटायचं हे सांगणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. व्यामांची परंपराही यापासून फार दूर नाही. ते परधान गोंड, आणि परधान हे मुळात गोंडांचे गाणारे, बाणा या वाद्यावर कथा सांगणारे. भिंतीवरून कागदावर ही चित्रकला आली ती जनगढसिंह श्यामनंतर, अगदी अलीकडे. त्या चित्रांना गळा परत देणं हे मला त्यांना पाय फोडण्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

एक शंका उरते: मग ही फिल्म कसली, नुसता स्लाइड शो झाला. होईलही, जर प्रत्येक पान सारखाच वेळ दाखवलंस तर. दिग्दर्शन नेमकं तिथेच आहे. मासोळीवर प्रेक्षकाला किती थांबवायचं, नांगी आधी दाखवायची की मास्तरचा चेहरा, गाडीच्या चाकांचा आवाज कुठे तोडायचा, हे सगळं तुलाच ठरवावं लागेल आणि चुकलास तर लपायला नट नाहीत.

आधी मात्र व्याम दांपत्याची आणि प्रकाशकांची लेखी परवानगी घे. फोनवरच्या होकारावर विसंबू नकोस. मग मसूरच्या प्रसंगाची पानं कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे, घड्याळ लाव, आणि पानागणिक किती सेकंद लागले ते मला लिहून पाठव. आवाज मराठीत ठेवायचा की इथल्या लोकांसाठी मावचीतही करायचा, ते आकडे बघून बोलू.

तुझा
मामा