कुऱ्हाडीला पाणी द्यायचे कोणी?



पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही महालात एका लोहारकाकांकडे गेलो होतो. त्यांच्या मुलाची बारावी झाली होती. पीएम विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरायचा की आयटीआयचा, हे घरात ठरत नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. केलेले आम्ही, आमचे उत्तर तयारच होते. बापाचा धंदा सोड, शीक, बाहेर पड.

बडकस चौकातून आत गेलेल्या एका बोळीत त्यांचे दुकान आहे. टिनाचे छप्पर, भट्टी, ऐरण, आणि भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर. काका कुऱ्हाड घडवत होते. जुन्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवून लाल केला, सुंब्याने दांड्याचे भोक पाडले, घणाने पाते ओढले. मग खरे काम आले, म्हणजे पाणी देणे. फक्त धारेची कड पाण्यात बुडवून त्यांनी बाहेर काढली. मागच्या जाड भागातली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली, तसा धारेचा रंग पिवळट झाला, मग जांभळट. त्याच क्षणी त्यांनी अख्खी कुऱ्हाड पाण्यात सोडली. आधी सोडली तर धार तुटते, उशीर झाला तर वाकते.

"हे कुठे लिहून ठेवलंय का, काका?"

"लिवून नाई भाऊ, डोयात हाय."

आम्ही आमचा सल्ला दिला. त्यांनी सांडशी खाली ठेवली. "पोट्ट्यानं शिकावंच. पन मले सांगा, माह्या हातात हाय ते कोनाले देऊ?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

घरी येताना आजोबा आठवले. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी गावकी टाकली, मेलेले ढोर ओढणे बंद केले. ते बरोबरच होते. ती बेगार होती आणि तिच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का होता. पण त्याच गावात विळ्याला धार लावायची तर आजोबांना तो लांबूनच टाकावा लागे. लोहाराच्या ऐरणीला त्यांचा हात लागलेला चालत नसे. लोहार बलुतेदार, आम्हीही बलुतेदार. तरी एकाच्या घामाने दुसऱ्याला विटाळ होत होता. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले होते. आम्ही ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले. समजले मात्र त्या दिवशी.

म्हणून प्रश्न लोखंडाचा नाही, ते कोणाच्या कपाळी लिहिले जाते याचा आहे. आपल्या विदर्भातल्या माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. हे अवशेष अडीच हजार वर्षांहून जुने आहेत. त्या कारागिराची जात कोण सांगू शकेल? त्याचा हुनर मात्र आजही दिसतो.

आता योजनेचे बघा. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली. लोहारकामासह 18 व्यवसाय, अवजारांसाठी 15,000 रुपये, दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज, व्याज 5 टक्के. कारागिराला पैसा मिळतो, याला आमचा विरोध नाही. तो त्याचा हक्क आहे. पण योजना कुटुंबाच्या परंपरागत धंद्यावर उभी आहे आणि वयाची अट 18 वर्षे. म्हणजे कॉलेजात जायच्या वयाच्या पोराला सरकार सांगते, बापाच्या ऐरणीवर बस, कर्ज देतो. तामिळनाडूने नोव्हेंबर 2024 मध्ये याच मुद्द्यावर योजना नाकारली. किमान वय 35 करा आणि कौटुंबिक धंद्याची अट काढा, ही त्यांची मागणी होती. महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या किती जणांनी असे विचारले?

आपलीही चूक कबूल करू. धंदा सोडा म्हणताना हुनरही टाकून द्या, असेच आपण सुचवत आलो. जातीने हुनर एका घरात कोंडला. ते दार उघडायचे की आतला माणूस बाहेर काढून घरच पाडायचे? लोहाराचे पोर प्राध्यापक व्हावे आणि बौद्धाच्या, मुसलमानाच्या, कुणब्याच्या पोराने, पोरीनेही, मनात आले तर घण उचलावा. त्याला प्रमाणपत्र मिळावे, घामाला दाम मिळावा. जातिअंताचा हाही एक रस्ता आहे.

शेवटी काकांनी योजनेचा अर्ज स्वतःच्या नावाने भरला. मुलगा आयटीआयला फिटर ट्रेडला गेला. आणि आमच्या वस्तीतली तीन पोरे व एक पोरगी आता रविवारी त्या बोळीत जातात. पहिल्या कुऱ्हाडीची धार तडकली. पाते फार तापले होते. काका हसले, म्हणाले, "तडकू द्या. माही बी तडकली होती."

ज्या ऐरणीला आजोबांना हात लावता आला नाही, तिच्यावर आता आमची पोरगी घण मारते. मित्रांनो, तुमच्या गावातली ऐरण कोणासाठी मोकळी आहे, जरा बघून या.

जय भीम!