चलान कुणाचं?

कंपनीच्या गाडीचं ओव्हरस्पीडचं चलान फाटलं की त्याचा एसएमएस गाडी चालवणाऱ्याला जात नाही. आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून कंपनीचं नाव असतं आणि मोबाइल नंबर प्रशासन विभागातल्या कुणाचा तरी, कधी कधी तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. मग महिनाअखेरीला कुणीतरी पोर्टलवर गाड्यांचे नंबर टाकून बघतं, पाच-सहा चलानं एकदम दिसतात, अकाउंट्सवाले ती भरून टाकतात आणि रक्कम वाहनखर्चात जाते. काही ठिकाणी लोकअदालतीची वाट बघितली जाते, तडजोडीत रक्कम कमी होते म्हणून. ज्यानं गाडी पळवली त्याला हे दोन महिन्यांनी कळतं, किंवा कळतच नाही.

कंपन्यांच्या गाड्यांची आणि त्या चालवणाऱ्यांची सुरक्षितता बघणं हे माझं काम. चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी या पट्ट्यात कामगारांच्या बस, कॅब, सर्व्हिस इंजिनिअरांच्या आणि साहेबलोकांच्या गाड्या अशी सगळ्या प्रकारची वाहनं मी बघत आलो. चलान आल्यावर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याची दोनच उत्तरं तयार असतात. एक म्हणजे वर सांगितलं तसं गुपचूप भरून टाकणं. दुसरं म्हणजे ड्रायव्हरच्या पगारातून कापणं.

दुसरं उत्तर कडक वाटतं, पण ते कायद्यात बसवणं सोपं नाही. वेतन प्रदान कायदा १९३६ चा. त्यात कामगाराला दंड करण्याची रीत घालून दिलेली होती: कुठल्या चुकीला दंड होईल ते आधी मंजूर करून नोटीस लावून जाहीर केलेलं हवं, त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, आणि एका वेतनकाळातला एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आता त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ३ टक्क्यांची ही मर्यादा कायम आहे. बसच्या ओव्हरस्पीडला मोटार वाहन कायद्याखाली २,००० ते ४,००० रुपये दंड होतो, मोटारीला १,००० ते २,०००. वीस हजार पगाराच्या ड्रायव्हरकडून न विचारता चार हजार कापणारी कंपनी एका कायद्याचा भंग झाला म्हणून दुसऱ्याचा भंग करत असते, आणि हे मी अनेक एचआर अधिकाऱ्यांना कागद समोर ठेवून दाखवलं आहे.

मग करायचं काय? आधी बोलायचं. चलान आल्यापासून दोन-तीन दिवसांत, ज्याच्या हातात गाडी होती त्याला बसवून, सावकाश. त्या बैठकीत तीन कागद लागतात: चलानावरचा फोटो आणि ठिकाण, त्या गाडीचा गेल्या तीन महिन्यांचा जीपीएसचा रिपोर्ट, आणि त्या दिवशीचं ड्युटीचं वेळापत्रक. पहिले दोन सगळे आणतात. तिसरा कागद मला मागून घ्यावा लागतो.

तो का लागतो, ते एका बसच्या उदाहरणानं सांगतो. हडपसरहून चाकणच्या एका कारखान्यात जनरल शिफ्टचे कामगार नेणारी बस. ड्रायव्हर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. लागोपाठ चलानं आली म्हणून व्यवस्थापनानं त्यांना काढून टाकायचं ठरवलं होतं, मला नुसता अभिप्राय द्यायचा होता. मी जीपीएसच्या रिपोर्टचे कागद टेबलावर पसरले आणि ओव्हरस्पीडच्या नोंदींवर पिवळ्या पेनानं खुणा केल्या. सगळ्या खुणा सकाळच्या फेरीत. संध्याकाळच्या परतीच्या फेरीत एकही नाही. तोच माणूस, तीच बस, तोच रस्ता.

वेळापत्रक मागवलं. सुमारे ३८ किलोमीटर अंतर, १५ थांबे, गेटवर पोहोचायला ६५ मिनिटं. एका थांब्याला एक मिनिट धरलं तरी १५ मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या ५० मिनिटांत ३८ किलोमीटर म्हणजे ताशी सुमारे ४६ चा सरासरी वेग. ज्यांनी सकाळी मोशी ते चाकणचा तळेगाव चौक असा प्रवास केला आहे, त्यांना हा आकडा बघून काय वाटेल ते मला माहीत आहे. त्या टप्प्यात बस मुंगीच्या पावलांनी सरकते. तिथे गेलेली मिनिटं कुठेतरी भरून काढायचीच, तर ती आधीच्या मोकळ्या रस्त्यावरच निघणार.

"साहेब, साडेआठचं पंचिंग चुकलं तर पोरांचा अर्धा दिवस कापतात," मामा म्हणाले. "मग चाळीस जण माझ्याकडं बघत बसतात. मागून आवाज येतो, मामा, दाबा की."

वेळापत्रक कुणी बनवलं होतं, ते शोधलं. काही वर्षांपूर्वी दोन थांबे वाढले होते, निघायची वेळ मात्र जुनीच राहिली होती. बस पंधरा मिनिटं आधी सोडायची आणि जवळजवळचे थांबे एक करायचे, एवढंच सुचवलं. कामगार नाराज झाले, आणि त्यांची नाराजी खरी होती. सकाळची पंधरा मिनिटं म्हणजे डबा करणाऱ्या बाईचीही पंधरा मिनिटं असतात. पण सकाळच्या खुणा जवळजवळ थांबल्या. मामांना नोकरीवरून काढलं असतं तर त्या जागी आलेला नवा माणूसही पंधरवड्यात तसाच पळवायला लागला असता.

हे मी सहानुभूतीपोटी सांगत नाही. कायद्याचंच म्हणणं तसं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वेगमर्यादा ओलांडण्याबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या पहिल्याच वाक्यात गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी आणखी एक जण बसवला आहे: आपल्या नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला जो तशी गाडी चालवायला लावतो तो. त्याच कलमाचं चौथं पोटकलम तर प्रत्येक ट्रान्सपोर्ट मॅनेजरच्या टेबलावर काचेखाली ठेवावं असं आहे. वेगमर्यादा न मोडता अमुक वेळात तो प्रवास होणं शक्यच नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच तो देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना ते वाचलेले अधिकारी मला फार कमी भेटले.

वेळेच्या हुकमाची किंमत काय होऊ शकते, हे अमेरिकेत १९९३ मध्ये दिसलं. पिझ्झा अर्ध्या तासात पोहोचवण्याची हमी देणाऱ्या डॉमिनोजच्या एका ड्रायव्हरनं लाल सिग्नल तोडून एका महिलेच्या गाडीला धडक दिली होती. सेंट लुईसमधल्या ज्युरीनं तिला सात कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली आणि काही दिवसांतच कंपनीनं तिथली ती हमी मागे घेतली. तिथे प्रश्न एका ड्रायव्हरच्या स्वभावापुरता राहिला नव्हता. धंदाच घड्याळावर बांधलेला होता.

आपल्याकडे हे घड्याळ बहुधा कराराच्या कागदात दडलेलं असतं. आयटी कंपन्यांच्या कॅब व्हेंडरकडून येतात. कॅब उशिरा आली, लॉगिन चुकलं, की व्हेंडरच्या बिलातून पैसे कापले जातात. व्हेंडर ते ड्रायव्हरकडून काढतो. ड्रायव्हरला पैसे फेरीमागे मिळतात, म्हणजे जितक्या फेऱ्या तितकी कमाई. रात्री दोनला एकाला सोडून पहाटे पाचला दुसऱ्याला घ्यायचं. अशी कॅब भरधाव सापडली की कंपनी सांगते, तो आमचा माणूस नाही, व्हेंडरचा आहे. माझं मत पक्कं आहे: ज्याच्या करारामुळे घाई होते, त्याचा तो माणूस आहे. उशिराचा दंड करारातून काढावा, निदान वाहतूक अडल्याची नोंद जीपीएसमध्ये दिसत असेल तर तो लागू नये. आणि दोन ड्युट्यांमधली विश्रांती करारात तासांनिशी लिहावी.

आता दुसरी बाजू. वेळापत्रकाचा दोष नसतो तेव्हा ड्रायव्हरला पाठीशी घालायचं नाही. असे लोक मला बहुतेक वेळा वरच्या पगाराच्या पायरीवर सापडले आहेत. कंपनीनं दिलेली चांगली मोटार, स्वतःच ठरवलेली भेटीची वेळ, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तिथे २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू झाली आणि अनेक विक्री अधिकाऱ्यांची चलानं धडाधड यायला लागली. सपाटीवर मोटारींना १०० ची मर्यादा, घाटात ६०. घाटात ९० नं उतरणारा माणूस समोर बसून सांगतो, रस्ता मोकळा होता, गाडीला सहा एअरबॅग आहेत.

अशा माणसापुढे मी गणित मांडतो. दहा किलोमीटर अंतर ६० नं कापायला दहा मिनिटं लागतात, ९० नं सहा मिनिटं चाळीस सेकंद. वाचली तीन मिनिटं वीस सेकंद. वेग दीडपट झाला की धडकेची ऊर्जा सव्वादोनपट होते. पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा: ६० ला गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते, ९० ला ३७ मीटरहून जास्त, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी अहवालात त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. पोलिसांच्या फॉर्मवर अतिवेगाचा रकाना सढळ हातानं भरला जातो, रस्त्याचे आणि खड्ड्यांचे दोषही त्याखाली झाकले जातात, हे मला मान्य आहे. त्यातला बराच भाग वजा केला तरी उरतं ते भयंकर आहे.

या माणसाचा दंड कंपनीनं भरू नये. त्यानंच पोर्टलवर स्वतः भरावा आणि पावती द्यावी. कायद्यानं कंपनीलाही विचारलं जातं की गाडी कोण चालवत होतं, कलम १३३ खाली ते सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. म्हणून एकाच गाडीच्या किल्ल्या चार जणांत फिरत असतील तर किल्लीची नोंदवही हवीच. पहिल्या वेळी लेखी समज, आणि अनुभवी ड्रायव्हर-प्रशिक्षकाबरोबर एक पूर्ण दिवस गाडी चालवणं. दुसऱ्यांदा ठरावीक काळासाठी गाडी परत घ्यायची, कामाला टॅक्सीनं किंवा रेल्वेनं जाऊ दे. दुसऱ्या गुन्ह्याला लायसन्स जप्त होण्याची तरतूद कायद्यातच आहे, तेव्हा कंपनीची पायरी फार कडक आहे असं कुणी म्हणू नये. त्यापुढे मात्र कारणे दाखवा नोटीस, रीतसर चौकशी, आणि नोकरी जाण्याची शक्यताही. सगळी चलानं एका मापानं मोजायची नाहीत: सपाटीवर १०० ऐवजी १०८ आणि शाळेसमोर भरलेली बस ८० नं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात पहिल्याच वेळी माणसाला स्टीअरिंगवरून उतरवावं आणि मग चौकशी करावी.

पण पहिल्या चलानाला थेट घरी पाठवायची पद्धत मी कुठेच सुचवत नाही. जिथे तसं करतात तिथे ड्रायव्हर जीपीएसची वायर सैल करून ठेवायला शिकतात, आणि कॅमेरा कुठल्या कमानीवर आहे ते पाठ करून तेवढ्यापुरता ब्रेक मारतात. मागच्या गाडीला तो ब्रेक अनपेक्षित असतो. भीतीनं आकडे सुधारतात, रस्ता तसाच राहतो.

राहता राहिली ती गाडी, जिचा विषय बैठकीत कुणी काढत नाही. मागच्या सीटवर साहेब बसलेले असतात आणि पुढे पगारी ड्रायव्हर. विमान पकडायचं असतं, साहेब घड्याळाकडे बघून म्हणतात, "जरा ओढा." या दोन शब्दांना नाही म्हणण्याची ताकद त्या माणसात कुठून येणार? चलान आलं की समज त्यालाच मिळते. मी आता प्रत्येक ठिकाणी आग्रह धरतो की संचालकांनी आणि विभागप्रमुखांनी आपल्या ड्रायव्हरला स्वतःच्या सहीचं पत्र द्यावं: मी गाडीत असलो, घाईत असलो, मी स्वतः सांगितलं, तरी वेगमर्यादा ओलांडायची नाही; त्यामुळे उशीर झाला तर जबाबदारी माझी, आणि त्यापायी तुमच्यावर कसलीही कारवाई होणार नाही. काही जण लगेच सही करतात. काही जण म्हणतात, तोंडी सांगितलेलं आहे की. तोंडी चालत नाही, कारण तोंडी हुकूम तर उलटाच दिलेला असतो. पत्राची एक प्रत ड्रायव्हरच्या हातात द्यावी, एक एचआरच्या फाइलला लावावी, आणि गाडी व्हेंडरची असेल तर तिसरी त्याच्याकडे पाठवावी.